घसा फोडून झाला, आता मुद्दा बोला

मी एक भांडण हरलो. मारामारीत नव्हे, बोलण्यात. आणि ज्याच्याशी हरलो तो कुणी विद्वान नव्हता. टेबलामागं बसलेला एक साधा साहेब. चहा पीत होता.

माझी आई कंत्राटावर झाडू मारते. जागेचं नाव सांगत नाही. अशा जागा या शहरात ढिगानं आहेत आणि सगळ्यांचं तोंड एकच आहे. कंत्राटदार बदलला आणि चौदा बायकांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. चौदाच्या चौदा आपल्या. बायकांनी मला पुढं केलं. पोरगा शिकलाय, चळवळीत आहे, बोलतो झकास. मी बोललो. मनू काढला. पेशवाई काढली. गळ्यातलं मडकं काढलं, कमरेचा झाडू काढला. वीस मिनिटं खोली दणाणून सोडली. दारात उभ्या असलेल्या आपल्या पोरांनी टाळ्या मारल्या. कोपऱ्यातला क्लार्क गालात हसला.

साहेबानं बशी खाली ठेवली. म्हणाला, "भाषण झालं? आता सांगा, या बायका इथं किती वर्षं, वर्षाला किती दिवस कामाला होत्या? काही कागद?"

मी गप्प. मला माहीतच नव्हतं. मी आईला विचारलंच नव्हतं.

परत येताना आई म्हणाली, "लई झ्याक बोललास. पर माजं कायबी बोलला न्हाईस."

घरी आल्यावर तिनं पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात सात वर्षांची कॅलेंडरं. आईला लिहिता येत नाही. पण कामावर गेली त्या दिवसाच्या चौकटीत एक काडी. खाडा झाला की फुली. पगार मिळाला की गोल. सोबत गेटपासांची चळत, रबरबँड लावलेली. सात वर्षं ही बाई पुरावा जमवत होती. आणि तिचा शिकलेला पोरगा दोन हजार वर्षांचा इतिहास घेऊन गेला, तिची सात वर्षं घरी विसरून.

दोस्तांनो, हा लेख माझ्या त्या थोबाडीत बसलेल्या चपराकीतून लिहितोय. तुम्हालाही दोन बसल्या तर बसू द्या.

आपण बोलतो कुणासाठी? स्वतःला विचारा. वस्तीतल्या मंडपात, जयंतीच्या स्टेजवर, कॉलेजच्या गेटवर, आता मोबाईलच्या पडद्यावर आपण जे बोलतो ते आपल्याच माणसांसाठी. ज्याला आधीच पटलंय त्याला पुन्हा पटवतो. तो टाळी मारतो. त्या टाळीला आपण विजय म्हणतो. समोरचा जिथं होता तिथंच बसलेला असतो, चहा पीत. माझा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. राग खरा आहे. पण राग म्हणजे चुलीतली आग. तिच्यावर भाकरी भाजायची असते. नुसती आग दाखवत फिरलास तर तुझाच हात भाजणार.

यावर आपलाच एक दोस्त मला म्हणाला, "तर्कबिर्क हा बामणी धंदा आहे. शब्दांच्या कसरती. आपल्याला रस्त्यावरची लढाई पुरे."

च्यायला! हे त्यांनी आपल्याला शिकवलं आणि आपण पाठ केलं. बुद्धी त्यांची, हात आपले. डोकं त्यांचं, घसा आपला. हीच तर ती वाटणी. तीच आता आपण आपल्या तोंडानं मान्य करायची?

जरा आपल्या घरचा हिशेब काढा. भदंत नागसेन आणि राजा मिलिंद. राजाला वाद घालायचा होता. नागसेनानं आधी अट घातली : पंडितांसारखा वाद घालणार असशील तर बोलतो, राजांसारखा घालणार असशील तर नाही. पंडित चुकला तर चूक कबूल करतो, रागावत नाही. राजाला उलट बोललं की तो शिक्षा फर्मावतो. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आपल्या पोरांसाठी कॉलेज काढलं. पुढं त्याचं नाव झालं मिलिंद आणि परिसराचं नाव नागसेनवन. उत्तर देणाऱ्याचं नाव वनाला आणि प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजाला! आपल्यातले किती जण त्या गेटातून आत-बाहेर करून आले आणि नावाचा अर्थ गेटावरच ठेवून आले?

जोतीरावांचं बघा. १८७३ ची 'गुलामगिरी' सगळी प्रश्नोत्तरांत आहे. धोंडीराव शंका काढतो, जोतीराव फोडून सांगतात. आणि परशुरामाची गंमत आठवा. ते म्हणतात ना तो चिरंजीव आहे? ठीक. जोतीरावांनी त्याच्या नावानं नोटीसच काढली, की मुदतीत हजर हो. शिवी नाही, आदळआपट नाही. तुमचं म्हणणं खरं धरतो आणि चार पावलं पुढं नेतो. बघा ते कुठं जाऊन आपटतं. अख्ख्या पुराणाची हवा एका नोटिशीत गेली. हे शस्त्र आपलं आहे. गंजलंय ते आपण वापरत नाही म्हणून.

आता महाडचं घ्या. चवदार तळं म्हटलं की आपल्याला २० मार्च १९२७ ची ओंजळ आठवते. आठवलीच पाहिजे. पण ती ओंजळ उचलण्याआधी हातात काय होतं? १९२३ सालचा मुंबई कायदे कौन्सिलातला बोले ठराव : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. मग महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव : तळं खुलं. म्हणजे माणसं तिथं भीक मागायला गेली नव्हती. कागदावर मिळालेला हक्क पाण्यात उतरवायला गेली होती.

पुढं काय झालं? मार खाल्ला. तळं शुद्ध करून घेतलं त्या लोकांनी. डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा ते कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं दोन ओळींत होतं : तळं खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथं पाणी न भरण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे. कोर्टानं तात्पुरता मनाईहुकूम दिला. परिषदेला जमलेली माणसं हट्टाला पेटली होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत पाण्याला हात नाही. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि परतले. विचार करा, हजारोंची गर्दी हाताशी असताना हा माणूस वकिलीची पिशवी उचलतो. का? कारण त्यांना एक दिवस पाणी प्यायचं नव्हतं. पाणी कायमचं प्यायचं होतं.

खटल्यातली मेख नीट समजून घ्या. 'अनादी वहिवाट' हा शब्द ऐकला की आपण भडकतो. बाबासाहेबांची बाजू काय म्हणाली? म्हणता ना अनादी? मग सिद्ध करा. दावा तुमचा, ओझं तुमच्या डोक्यावर. तळं खाजगी म्हणता, मग मालकीचा कागद कुठंय? मुसलमानांना पाणी चालतं, गुराढोरांना चालतं, मग हे कसलं खाजगी? सगळ्या प्रकरणाचा पाया एवढाच. खालच्या कोर्टात निकाल आपल्या बाजूनं, अपिलात आपल्या बाजूनं, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं सांगितलं की अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. ओंजळीला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. दहा वर्षं एक माणूस मुद्दा धरून बसला. आपण दहा मिनिटं बसत नाही.

आणि आता माझ्या साहेबाकडं या. त्यानं काय केलं? ओझं माझ्या डोक्यावर टाकलं आणि चहा पीत बसला. 'काही कागद?' हा त्याचा सगळ्यात मोठा डाव. वाद सुरू झाला की पहिली गोष्ट बघायची, पुरावा द्यायचा कुणी? हजेरीचं मस्टर कुणाच्या कपाटात आहे? त्याच्या. मग कागद त्यानं दाखवायचा की झाडूवालीनं? हा एक प्रश्न मी तेव्हा विचारला असता तर चहा थंड झाला असता. पण मी पेशवाईत अडकलो होतो.

दुसरं प्रकरण १९३६ चं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना परिषदेचं अध्यक्षपद दिलं. भाषण आधी वाचलं आणि घाबरले. काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी नकार दिला. परिषद रद्द झाली. ते भाषण त्यांनी स्वखर्चानं छापलं, १५०० प्रती. हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचं सांगा. गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका लिहिली. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी काय केलं? गांधींची टीका त्याच पुस्तकात छापली. आणि पुढं आपलं उत्तर छापलं.

याला म्हणतात छाती. आपल्याच पुस्तकात विरोधकाला जागा. वाचणाऱ्यानं दोन्ही वाचावं आणि ठरवावं. ज्याचा मुद्दा पोकळ असतो तो समोरच्याचं तोंड दाबतो. ज्याचा भरीव असतो तो म्हणतो, बोल बाबा, पुरं बोल, मग मी बोलतो.

आणखी एक बघा त्या पुस्तकात. ते विरोधकाचं लुळंपांगळं म्हणणं घेऊन त्याला बडवत नाहीत. सगळ्यात तगडं म्हणणं घेतात. सुधारक म्हणत होते, जन्मावरचं नको, गुणावरचं चातुर्वर्ण्य ठेवू. बाबासाहेब विचारतात, गुणावरच ठेवायचं तर मग जन्माची ती जुनी नावं कशाला हवीत? संपलं. आता ज्याला नावं सोडवत नाहीत त्याच्या पोटात काय आहे ते आपोआप दिसतं. आणि आपण काय करतो? फालतूतला फालतू विरोधक शोधतो, त्याचं फालतूतलं फालतू वाक्य पकडतो, त्याला लोळवतो आणि मिशीला पीळ देतो.

कुणी म्हणेल, ते बाबासाहेब होते. आपण साधी पोरं. बरं. १५ ऑगस्ट १९७२ ला 'साधना'त राजा ढालेंचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला तेव्हा तेही तरुणच होते. त्या लेखावर महाराष्ट्र पेटला. लोकांना आज त्यातली काय ती एक शिवी आठवते. निंदा करणाऱ्याला तीच आठवते आणि कौतुक करणाऱ्यालाही तीच. पण त्या लेखाची ताकद शिवीत नव्हती. दोन आकड्यांत होती. दलित बाईची साडी फेडली तर दंड ५० रुपये. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर दंड ३०० रुपये. आकडे शेजारी शेजारी ठेवले. बस्स. हे दोन आकडे कुणाला खोडता आले नाहीत, म्हणून लोक शिवीवर तुटून पडले. धडा दोन्हीकडून घ्या : आकडा नसता तर शिवी वाऱ्यावर गेली असती. आणि शिवी होती म्हणून पळणाऱ्यांना आकड्यापासून पळायला वाटही मिळाली. मी ढाल्यांना शहाणपण शिकवत नाही. ते माझं काम नाही. मी मला आणि तुला विचारतोय, आपल्या शिवीमागं आकडा आहे का?

आता हत्यार कसं चालवायचं ते बघू. दिङ्नाग नावाचा बौद्ध आचार्य होऊन गेला, पाचव्या-सहाव्या शतकात. मग सातव्या शतकात धर्मकीर्ती, ज्यानं जातीच्या माजाला मठ्ठपणाच्या खुणांमध्ये गणलं. दिङ्नाग सांगतो, कुठलंही 'कारण' तीन घासण्यांवर घासून घ्या. डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे. एक, धूर खरंच त्या डोंगरावर आहे का? दोन, जिथं आग नक्की आहे, चुलीपाशी, तिथं हे कारण सापडतं का? तीन, जिथं आग नाहीच, तळ्यावर, तिथंही हे कारण सापडतंय का? सापडलं तर ते कारण फुटकं. फेकून द्या.

आता रोजचं म्हणणं घ्या. कॅन्टीनमध्ये, ऑफिसात, लोकलच्या डब्यात. 'राखीव जागांनी मेरिट मरतं, कारण कमी मार्कांवर प्रवेश मिळतो.' आपण काय करतो? 'तू मनुवादी' म्हणतो आणि उठतो. त्यानं काय होतं? डब्यातले बाकीचे दहा जण म्हणतात, बघा, याच्याकडं उत्तर नाही.

उठू नको. बस. घास. पहिली घासणी : कमी मार्क म्हणजे किती कमी? त्या वर्षीची, त्या कॉलेजची यादी काढ. आपल्यातले किती खुल्या यादीत बसले तेही काढ. दुसरी : कमी मार्कांवर आत गेलेला पुढं वाईट डॉक्टर, वाईट इंजिनियर झाला असं दाखव, एखाद्या गोष्टीवर नको, हिशेबावर. आणि तिसरी, खरी : पैसे भरून कमी मार्कांवर मिळणाऱ्या जागा आहेत की नाहीत? या राज्यात डोनेशनच्या विरोधात १९८७ साली कायदा करावा लागला, तो काय हवेतून? मॅनेजमेंट कोटा आहे, परदेशातल्या भारतीयांचा कोटा आहे. तिथं कमी मार्क आहेत, पण तुझ्या मते तिथं मेरिट मरत नाही. निदान तू त्यासाठी कधी काळी फीत लावलेली मी पाहिली नाही. म्हणजे तुझं कारण 'कमी मार्क' हे नव्हेच. मग खरं कारण काय आहे, दादा?

हा प्रश्न शांतपणे विचार. 'दादा' म्हणून विचार. मग बघ गंमत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे. समोरचा म्हणाला, 'माझा डोनेशनलाही विरोध आहे,' तर तो माणूस सरळ आहे. त्याला मनुवादी म्हणून हाकलू नको. त्याच्याशी पुढचं बोलणं वेगळं. त्याला मार्क कुठून येतात ते विचार. क्लासची फी, घरातलं टेबल, रात्रीचा दिवा.

दुसरं म्हणणं, 'जात नको, गरिबी बघा.' २०१९ साली १०३ वी घटनादुरुस्ती झाली. आर्थिक दुर्बलांना १० टक्के. ७ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं ती तीन विरुद्ध दोन अशी कायम केली. वाचा तिच्यात काय आहे. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी यांतला गरीब तिच्यात बसत नाही. म्हणजे गरिबी बघण्याआधी जात बघितली! हे मी ओरडून सांगण्याची गरजच नाही. हळू सांगितलं तरी ऐकू जातं.

आता आपल्या चुका. सगळ्यात मोठी, समोरच्याची जात काढणं. त्याचा मुद्दा खोटा, कारण तो अमक्या जातीचा. अरे, माणसाचं बोलणं त्याच्या जन्मावरून मोजायचं ही कुणाची रीत? शंबुकाचं डोकं याच हिशेबानं उडवलं ना? त्याचा फायदा कशात आहे ते जरूर विचार. पण मुद्दा पाडल्यावर, पाडण्याऐवजी नव्हे.

दुसरी चूक, 'बाबासाहेबांनी म्हटलंय' म्हणून वाद संपवणं. ज्या माणसानं शास्त्राचं प्रामाण्य नाकारायला सांगितलं त्यालाच आपण शास्त्र करून ठेवलं. त्यांनी काय म्हटलं ते सांग, पण का म्हटलं तेही सांग. 'का' येत नसेल तर तू पोथी वाचतोयस.

तिसरी, हार कबूल न करणं. मिलिंद राजा होता, तरी उत्तर पटलं की कबूल करायचा. आपण गल्लीतले पोरटे, आपला राजेपणा सुटत नाही.

मला माहीत आहे, आता कोण काय म्हणणार. तर्कानं खैरलांजी थांबली का? नाही. २९ सप्टेंबर २००६ ला त्या घरातली चार माणसं मारली गेली, ती युक्तिवाद कमी पडला म्हणून नव्हे. ज्याच्या हातात कुऱ्हाड आहे त्याला तीन घासण्या सांगून उपयोग नाही. ज्याचं पोट जातीवर भरतं त्याला पटवायची माझी आशा नाही. मग बोलायचं कुणाशी? तिसऱ्याशी. प्रत्येक भांडणात एक तिसरा असतो. काही न बोलता ऐकणारा. डब्यात दांडी धरून उभा असलेला. शेजारच्या बाकावरची मुलगी. कोर्टातला जज्ज. कोपऱ्यातला क्लार्क. कुऱ्हाडवाल्याला हिंमत येते ती हा तिसरा गप्प बसतो म्हणून. त्याला बोलतं करायचं तर घसा पुरत नाही.

मी परत गेलो त्या ऑफिसात. पंधरा दिवसांनी. या वेळी भाषण नाही. चौदा बायका, चौदा पिशव्या. चार रात्री बसून आम्ही तारखा लावल्या होत्या. कुणाकडं गेटपास, कुणाकडं दवाखान्याची चिठ्ठी, कुणाकडं आईसारखं कॅलेंडर. टेबलावर कॅलेंडरं मांडली. मी म्हणालो, "साहेब, सात वर्षांत तीन कंत्राटदार बदलले. जागा तीच. मुकादम तोच. झाडू देणारं कपाट तेच. या बायका त्याच. मग यांचा मालक नक्की कोण? आणि या काड्या खोट्या वाटत असतील तर मस्टर आणा, ताडून बघू. चुकलं तर आम्ही इथूनच परत जातो."

साहेब काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, बघतो. मुदत मागितली. साहेबाचं मतपरिवर्तन वगैरे झालं नाही. असल्या गोष्टी सिनेमात होतात. पण खाली जिन्यात तो क्लार्क आला. तोच, गालात हसलेला. माझ्या आईकडं बघून म्हणाला, "मावशी, तुमच्या काड्या बरोबर आहेत. मस्टर मी लिहितो." दोन दिवसांनी मस्टर कुठल्या अर्जानं मागायचं, कुठल्या टेबलावर, ते त्यानंच सांगितलं. आज मस्टरची झेरॉक्स आमच्याकडं आहे, सही-शिक्क्याची. प्रकरण चालू आहे. बायका अजून बाहेर आहेत. पण आता ओझं टेबलाच्या पलीकडं आहे.

दर रविवारी वस्तीतल्या विहारात आम्ही आता बसतो. नियम साधे. ज्याला राखीव जागांच्या बाजूनं बोलायचंय त्यानं आधी पाच मिनिटं विरोधात बोलायचं, आणि असं बोलायचं की विरोधकालाही वाटावं, हेच मला म्हणायचं होतं. ते जमलं नाही तर आपली बाजू मांडायची परवानगी नाही. आकडा सांगितला तर तो कुठून आणला ते सांगायचं. पटलं तर 'पटलं' म्हणायचं, मोठ्यानं. पहिल्या रविवारी आम्ही सात जण होतो आणि सातही जण नापास झालो. आई दारात बसून ऐकत होती. म्हणाली, "आता कुटं तुमी बोलाय लागला."

तू ये. घसा घरी ठेवून ये असं मी म्हणत नाही. तो लागेल. पण येताना आधी आपल्या आईला विचार, तिच्या पेटीत काय काय आहे.